रेघ आडवी

सावंतवाडीच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत सुतारकामाची खोली होती. कार्यानुभवाच्या तासाला मुलं तिथे पाट करत, पोळपाट करत, फार हौशी असतील ती देव्हारा करत. पुढे तो तास वेळापत्रकातून हळूच निघून गेला आणि खोलीत मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि निवडणुकीच्या वेळी लागणारे बांबू येऊन पडले. मग एके वर्षी शाळेला अटल टिंकरिंग लॅब मंजूर झाली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०१६ पासून सुरू केलेली ही योजना. तिच्यातून शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. बांबू बाहेर गेले, थ्रीडी प्रिंटर आत आला. मुंबईच्या चाकरमानी माजी विद्यार्थ्यांनी गणपतीला गावी आल्यावर हे सगळं पाहिलं आणि वर्गणी काढून लेझर कटर आणि सीएनसी राउटरही घेऊन दिला.

विज्ञानाचे सर उत्साही होते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम त्यांनी पाहिला होता. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात गावातली मुलं हातांनी काम करत शिकतात, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. ‘पाबळला होतं, तर आपल्याकडे का नाही?’ हे त्यांचं पालुपद. त्यांनी नववीतली सहा-सात मुलं निवडली. त्यांत ओंकार संगणकावर बसणारा आणि तन्वी सगळ्याला हात लावून बघणारी. लाकडाचं कोण बघणार, हा प्रश्न आला तेव्हा शाळेसमोरच्या रस्त्यापलीकडून मेस्त्रींना बोलावण्यात आलं. मेस्त्रींचं वय साठीच्या पुढे. जुन्या खोलीत त्यांचे वडील सुतारकाम शिकवायचे, एवढी त्यांची ओळख पुरेशी होती.

माजी विद्यार्थ्यांनी पहिलं काम दिलं ते गंजिफ्याच्या पेट्यांचं. शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती आणि पाहुण्यांना द्यायला चाळीस पेट्या हव्या होत्या. सावंतवाडीत राहून गंजिफा माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, पण खेळता येणारा सापडायला कष्ट पडतील. गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अंकांची पानं. हा खेळ मोगलांबरोबर आला आणि बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याचा उल्लेख आहे. पण मत्स्य, कूर्म, वराह असे अवतार पत्त्यांवर चढले ते आपल्याकडे. पत्ते चितारआळीतून रंगवून येणार होते. मुलांनी करायची होती ती पेटी, सरकत्या झाकणाची. कंपासपेटीसारखं झाकण नव्हे. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून खाच, त्या खाचांतून झाकण सरळ सरकत बाहेर यायचं.

लाकूड फणसाचं ठरलं. ताजं कापलं की पिवळं धमक, आणि वर्षं सरतील तसं विटकरी होत जाणारं. बाहेरून बावीस-तेवीस सेंटिमीटरची पेटी, झाकण बारा सेंटिमीटर रुंद. ओंकारने आराखडा काढला. झाकण आणि खाच यांच्यात दोन्ही बाजू मिळून ०.३ मिलिमीटर फट ठेवली. एका पेटीचा नमुना करून पाहिला. झाकण असं सरकलं की सरांनी ते दहा वेळा उघडून मिटून बघितलं. घरच्या कपाटाचा खण कधी असा सरकला नव्हता.

मेस्त्रींना या कामात वाटा मिळाला तो कोपऱ्यांचा. राउटरचं पातं गरगर फिरत कापतं, त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही. पात्याच्या निम्म्या जाडीइतकी गोलाई तिथे राहतेच. सहा मिलिमीटरचं पातं असेल तर तीन मिलिमीटरची. मेस्त्री गुण्या लावायचे, पटाशी टेकवायचे, हाताच्या तळव्याने एकदाच दाबायचे, आणि कोपरा सरळ. मुलं त्यांना ‘कोपऱ्यांचे मेस्त्री’ म्हणू लागली. त्यात उपमर्द नव्हता. पण कोपऱ्यांपलीकडे त्यांना काही विचारावं असंही कुणाला वाटलं नाही.

जानेवारीत फळ्या आल्या. दहा इंच रुंद, चांगल्या सुकलेल्या. ओंकारने पेटीचे सगळे तुकडे संगणकात एकत्र टाकले आणि फळीवर ते कसे मांडायचे हे संगणकावर सोपवलं. संगणकाने तुकडे फिरवले, उलटसुलट केले, एकाच्या बगलेत दुसरा घातला, आणि पाच फळ्या लागतील असा अंदाज होता तिथे चार फळ्यांत सगळं बसवून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी अहवालात लिहिलं, ‘लाकडाची बचत २० टक्के.’ ते खरंही होतं.

कापलेल्या झाकणांचा ढीग मेस्त्रींनी हातात घेतला. दोन-चार उलटून पाहिली. काहींवर लाकडाच्या रेघा लांबीला धरून गेलेल्या, काहींवर रुंदीला धरून.

‘‘झाकणाक रेघ आडवी व्हयी,’’ ते म्हणाले.

‘‘मेस्त्रीनूं, सगळी झाकणं एकाच मापाची आहेत. मोजून बघा.’’ ओंकारने व्हर्नियर पुढे केला.

‘‘माप बरोबर आसा.’’

‘‘मग?’’

‘‘असांच करतत.’’ मेस्त्रींनी झाकणं ढिगावर ठेवली. ‘‘पावस पडांदे, मगे बघूया.’’

आता यात ओंकारचं चुकलं काय? त्याने उद्धटपणा केला नाही, उलट मोजायचं साधन म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिलं. मेस्त्रींनी कारण सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण ‘असांच करतत’ हे कारण नव्हे, आणि आजकालच्या हुशार मुलाला तर ते मुळीच पटत नाही. वडीलधाऱ्यांची एखादी आवड असते, कुणाला चहात आलं लागतं तर कुणाला वेलची. तशी मेस्त्रींना आडवी रेघ लागते, अशी नोंद त्याने मनात केली आणि तो पुढच्या कामाला लागला. झाकणांवर लेझरने अवतारांच्या रेषा हलक्या जाळून घेतल्या, मुलींनी त्यांत रंग भरले. फेब्रुवारीत समारंभ झाला. चाळीस पेट्यांपैकी बऱ्याच पाहुण्यांबरोबर गेल्या, उरलेल्या शाळेच्या कपाटात राहिल्या.

मग पाऊस आला. कोकणातल्या पावसाचं वर्णन कोकणातल्या माणसाला ऐकवू नये. पापड सादळतात, आगपेटी पेटत नाही, आणि घराचं मागचं दार असं बसतं की त्याला रोज सकाळी खांदा लावावा लागतो. त्या सहा-सात मुलांपैकी प्रत्येकाने लहानपणापासून दर जुलैत आपल्या घराच्या दाराला लाथ घातलेली आहे. दार फुगतं हे त्यांना ठाऊक होतं. पण दार घरी होतं आणि झाकण लॅबमध्ये. या दोन गोष्टी एकाच लाकडाच्या आहेत, हे कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नव्हतं.

गुरुपौर्णिमेला एक निवृत्त शिक्षक प्रमुख पाहुणे होते. मंचावर त्यांना पेटी देण्यात आली आणि ‘उघडून दाखवा सर’ असा आग्रह झाला. त्यांनी अंगठ्याने झाकण ढकललं. हललं नाही. दोन्ही अंगठे लावले. मुख्याध्यापक मदतीला आले. एकाने पेटी धरली, दुसऱ्याने झाकण. खाली मुलं आधी हसू दाबत होती, मग त्यांनी दाबायचं सोडलं. शेवटी पेटी तशीच टेबलावर ठेवून पाहुणे म्हणाले, ‘‘गुरूचं गुपित आहे, इतक्यात उघडणार नाही,’’ आणि भाषणाला उभे राहिले. सभ्य माणूस.

त्या संध्याकाळी कपाटातल्या सगळ्या पेट्या टेबलावर आल्या. जवळपासच्या घरांतल्याही मागवल्या. एकोणीस जमल्या. त्यांतल्या बारा बसल्या होत्या, आणि खरी डोकेदुखी ही की सात अगदी जानेवारीसारख्या सरकत होत्या. सगळ्याच अडकल्या असत्या तर दोष पावसाला देऊन मोकळं होता आलं असतं.

ओंकारला प्रथम राउटरच्या पात्याचा संशय आला. पातं बोथट झाल्यावर कापलेल्या खाचा अरुंद पडल्या असतील. खाचा मोजल्या; सगळ्या बरोबर. मग रंगाचा संशय, मग फेव्हिकॉलचा, मग कपाटाच्या ओल आलेल्या भिंतीचा. पण सरकणाऱ्या सातांतल्या तीन पेट्या त्याच भिंतीला लागून होत्या. शेवटी पेट्यांची मागची फळी काढून अडकलेली झाकणं बाहेर काढली आणि मोजली. जानेवारीत ११९.७ मिलिमीटर रुंद होती, आता १२१.३, १२१.२, १२१.४. सरकणारी झाकणं मोजली, ११९.७, ११९.८. एकाच झाडाचं लाकूड, एकच पातं, एकच फाइल.

तन्वी मोजत नव्हती. ती सातही चांगल्या पेट्या झाकण लावून टेबलाच्या कडेला ओळीने मांडत होती आणि तिला एक विचित्र गोष्ट दिसली. या सातही पेट्यांचं झाकण पुढच्या तोंडातून दोन-अडीच मिलिमीटर बाहेर आलं होतं. अडकलेल्यांपैकी एकाचंही नव्हतं. म्हणजे ही झाकणंही वाढली होती. फक्त जिथे अडवायला कुणी नव्हतं त्या दिशेला. तिने सगळी झाकणं काढून, रंगाची बाजू खाली करून, दोन ढीग केले. एका ढिगावर रेघा उभ्या, दुसऱ्यावर आडव्या. दुसऱ्या ढिगात बरोबर सात.

कुणीतरी रस्ता ओलांडून मेस्त्रींना बोलवायला गेलं. ते आले तेव्हा ओंकार एका अडकलेल्या झाकणाची कड काचपेपरने घासत होता.

‘‘अरे, आता तासू नको!’’ मेस्त्रींचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘‘आता तासलंस तर थंडीत खुळखुळतला.’’

ओंकारचा हात थांबला. हे तर अगदी हिशेबाचं बोलणं होतं.

तन्वीने विचारलं, ‘‘मेस्त्रीनूं, आडवी रेघ असली की झाकण का अडकत नाही?’’

‘‘रुंदी वाढणा नाय. लांबी वाढता. लांबीक खंय अडचण आसा?’’

‘‘पण रेघेच्या दिशेने लाकूड का वाढत नाही?’’

मेस्त्रींनी झाकण उलटं केलं, सुलटं केलं. ‘‘माका ठावक नाय गो बाय. बापाशीन असां केल्यान, मी करतंय. मी तेका कधी इचारूक नाय.’’

मला या कथेत हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. मेस्त्रींना काही सुचेना म्हणून नव्हे. ‘ठावक नाय’ म्हणायला त्यांना जराही कमीपणा वाटला नाही म्हणून. अशा वेळी ‘तुमच्या यंत्राला विचारा’ असं कुजकं बोलता येतं, आणि जानेवारीत त्यांचं म्हणणं बाजूला पडलं होतं म्हणून तो हक्कही त्यांच्याकडे होता.

कारण सरांनी शोधून दिलं. लाकूड म्हणजे झाडाने पाणी वर नेण्यासाठी वाढवलेल्या, बुंध्याच्या लांबीला धरून जाणाऱ्या बारीक नळ्यांची मोळी. हवेत दमटपणा वाढला की या नळ्यांच्या भिंती पाणी शोषून जाड होतात. नळी जाड होते, पण लांब जवळजवळ होतच नाही. म्हणून फळी रेघेला आडवी फुगते आणि रेघेच्या दिशेने जागची हलत नाही. प्लायवूडमध्ये एकावर एक पापुद्रे आडवे-उभे चिकटवलेले असतात, एक फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. म्हणून पेटीचा प्लायवूडचा तळ कुठेच कुरकुरला नव्हता.

सरांचं ऐकून मुलांचं समाधान झालं, तन्वीचं झालं नाही. किती फुगतं? तिने उरलेल्या फणसाच्या फळीतून दोन पट्ट्या कापून घेतल्या, दोन्ही बरोबर २०० मिलिमीटरच्या. एक रेघेच्या दिशेने, एक रेघेला आडवी. खिडकीशेजारी दोन खिळ्यांवर त्या टांगल्या आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर मोजायच्या असं ठरवलं. दुसऱ्याच शनिवारी मेस्त्री एक तिसरी पट्टी घेऊन आले. तीही फणसाचीच आणि आडव्या रेघेची, पण वेगळ्या फळीतली. ओंडका कडेने चिरला की एका तऱ्हेची फळी निघते आणि गाभ्यातून मधोमध चिरला की दुसऱ्या तऱ्हेची. ही दुसऱ्या तऱ्हेची होती. ‘‘ह्येका पण लाव,’’ म्हणाले. दारं करताना ते सगळ्याच फळ्यांना एकच फट सोडत आले होते, रुपयाच्या नाण्याच्या जाडीची. ती सगळ्यांना सारखीच लागते का, हे त्यांनाही बघायचं होतं. तन्वीने त्यांना विचारलं होतं, त्याचा असा संसर्ग झाला म्हणायचा.

श्रावण गेला, गणपती झाले. तोपर्यंत आकडे रेंगाळत होते. दसऱ्यानंतर हवा बदलली आणि आडवी पट्टी आखडायला लागली. मेस्त्रींना व्हर्नियर वाचता येत नव्हता. दिवाळीपर्यंत यायला लागला. ते अंगठ्याने पट्टीची कड चाचपून आधी आकडा सांगायचे आणि मग मोजायचे. चुकले की खूश व्हायचे, हे मुलांना नवलाचं होतं. जानेवारीच्या शेवटी वहीत असं उतरलं: रेघेच्या दिशेची पट्टी २०० ची २००. पहिली आडवी पट्टी १९७.६. मेस्त्रींची गाभ्यातली पट्टी १९८.८.

मेस्त्रींनी तो शेवटचा आकडा दोनदा मोजला. गाभ्यातली फळी निम्मीच हलली होती. म्हणजे अशा फळ्यांच्या दारांना ते आयुष्यभर लागते त्याच्या दुप्पट फट सोडत आले होते आणि उन्हाळ्यात त्या दारांतून वारा येतो म्हणून गिऱ्हाइकांची बोलणी खात आले होते. बापाने सांगितलेलं बरोबर होतं. फक्त ते सगळ्या फळ्यांना लागू नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्या दुकानात फळ्यांचे दोन गठ्ठे झाले.

पुढच्या चाळीस पेट्यांची मागणी आलीच होती. या खेपेला मेस्त्रींची खुर्ची ओंकारच्या शेजारी होती. आराखड्यात प्रत्येक तुकड्यावर तन्वीने रेघेची दिशा दाखवणारा बाण काढला होता, पण मांडणी करताना संगणक बाण जुमानत नव्हता. तो आपला तुकडे फिरवतच होता. ओंकार सेटिंगमध्ये शिरला. एक पान उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्या पानावर खालच्या बाजूला एक चौकट होती: ‘ग्रेन डिरेक्शन पाळा’. तिच्यावर बरोबरची खूण नव्हती.

‘‘ह्यां काय?’’ मेस्त्रींनी विचारलं.

ओंकारने सांगितलं. ही चौकट पहिल्या दिवसापासून इथेच होती. गेल्या वर्षी त्याने ती पाहिलीही होती, पण अर्थ कळला नाही म्हणून सोडून दिली होती. ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्यांनी कधीतरी कुठल्यातरी सुताराला विचारलं असणार.

‘‘म्हणजे ह्या मशीनाक ठावक होतां?’’

‘‘होय.’’

‘‘मगे सांगूक कित्याक नाय?’’

‘‘आपण विचारलं नाही, मेस्त्रीनूं.’’

मेस्त्री मोठ्याने हसले. ‘‘तां पण माज्यासारखांच!’’

ओंकारने चौकटीवर खूण केली. पडद्यावरचे तुकडे क्षणभर सैरावैरा झाले आणि सगळी झाकणं एका दिशेने तोंड करून उभी राहिली. चार फळ्यांच्या पाच झाल्या. पाचव्या फळीचे पैसे मागायला सर संस्थेच्या ऑफिसात निघाले, तेव्हा ‘गेल्या वर्षी चारांत भागलं, या वर्षी का नाही?’ असं तिथे विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं. तन्वीने खिळ्यांवरच्या तिन्ही पट्ट्या काढल्या, वहीबरोबर दोऱ्याने बांधल्या आणि सरांच्या पिशवीत घातल्या. मेस्त्री म्हणाले, ‘‘थांबा, मी पण येतंय,’’ आणि पायात चपला सरकवल्या.